३६ वेळा कशासाठी? कायरोप्रॅक्टिक उपचारांच्या मात्रेचा प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाची गेल्या वर्षी पाठ धरली. घर बदलताना पुस्तकांचे खोके उचलायला तो वाकला आणि कमरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी तो एका कायरोप्रॅक्टरकडे गेला. तपासणी झाली, क्ष-किरण चित्र काढले गेले, त्यावर रंगीत रेघा ओढून मणके कोठे ‘सरकले’ आहेत ते दाखवण्यात आले आणि त्याच्या हातात एक छापील वेळापत्रक पडले. पहिले ४ आठवडे आठवड्यातून तीनदा, पुढचे ८ आठवडे दोनदा, त्यानंतरचे ८ आठवडे एकदा, अशा एकूण ३६ भेटी. त्यापुढे ‘देखभाली’साठी महिन्यातून एकदा, कायमचे. सर्व पैसे आगाऊ भरल्यास सवलत. भावाने त्या कागदाचे छायाचित्र मला पाठवले आणि खाली लिहिले, “ताई, ३६च का? ३० का नाहीत? ६ का नाहीत?”

मी डॉक्टर नाही. माझा रोजचा संबंध मोजमापांशी आणि त्यांतील चुकांशी येतो. पण भावाचा प्रश्न मुळात मोजमापाचाच होता. एखाद्या उपचाराची मात्रा किती, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले ते येथे मांडते आहे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टर फारसे नाहीत, पण ‘बारा बैठकांचा कोर्स’ सांगणारे आपल्या गावांतही कमी नाहीत. शिवाय विज्ञानाच्या शिक्षकाला वर्गात ज्या गोष्टी शिकवाव्या लागतात, त्यांपैकी बऱ्याच या एका प्रश्नात सापडतात.

प्रथम कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय ते पाहू. हा शब्द ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनला आहे. हातांनी पाठीच्या कण्याला नेमका, झटक्यासारखा दाब द्यायचा, ही त्यातली मुख्य क्रिया. आपल्याकडचा हाडवैद्य निखळलेला सांधा बसवतो, तसेच काहीसे हे वरवर दिसते. पण त्यामागचे तत्त्वज्ञान वेगळे आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. १८९५ च्या सप्टेंबरात त्यांनी हार्वी लिलार्ड या इमारतीतील सफाई कामगाराच्या पाठीवरील उंचवटा दाबला आणि त्याचे बहिरेपण गेले, असा त्यांचा दावा होता. कानापासून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कवटीच्या आतूनच जातो, पाठीच्या कण्यातून जात नाही, ही गोष्ट आपले दहावीचे विद्यार्थीही सांगू शकतील. तरीही त्या एका प्रसंगावरून पामर यांनी सिद्धान्त उभा केला. मणके किंचित सरकतात, त्यामुळे मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि त्यातून आजार उद्भवतात. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तर त्यांनी ९५ टक्के आजारांचे खापर सरकलेल्या मणक्यांवर फोडले. या सरकण्याला त्यांच्या परिभाषेत ‘सब्लक्सेशन’ म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आजचे सर्वच कायरोप्रॅक्टर पामर यांचा सिद्धान्त जसाच्या तसा मानीत नाहीत. अनेकजण केवळ पाठदुखी आणि मानदुखीवर उपचार करतात, जोडीला व्यायाम सांगतात आणि रुग्ण बरा झाला की त्याला निरोप देतात. टीका करायची ती सरसकट व्यवसायावर नव्हे, तर त्या छापील वेळापत्रकामागच्या विचारावर. आणि तो विचार बहुतेक वेळा पामर यांच्यापासूनच आलेला असतो.

समजा, आजार म्हणजे सरकलेला मणका. मग उपचार कधी थांबवायचा? मणका जागेवर आल्यावर. तो आला की नाही हे कोण सांगणार? रुग्णाला ते जाणवत नाही. ते फक्त उपचार करणाऱ्यालाच हाताला लागते किंवा क्ष-किरण चित्रावर दिसते. दुखणे थांबले तरी ‘मूळ दोष अजून आहे’ असे म्हणता येते. दुखणे पुन्हा सुरू झाले तर ‘मध्येच थांबवलेत म्हणून’ असेही म्हणता येते. या व्याख्येनुसार उपचार संपण्याची खूण रुग्णाच्या हाती कधीच येत नाही. भेटींचा आकडा म्हणजे उपचाराची मोजलेली मात्रा नव्हे, ती एक गृहीत धरलेली मुदत ठरते.

मूळ कल्पनेला प्रायोगिक आधार किती आहे? येल विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ एडमंड क्रेलिन यांनी १९७३ साली एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. मृतदेहांतून काढलेल्या कण्यांना त्यांनी यंत्राने पीळ आणि बाक दिला. दोन मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूवर दाब येईल इतका मणका सरकवायचा, तर कणाच मोडेल एवढा जोर लावावा लागेल, असे त्यांना आढळले. प्रयोग निर्जीव ऊतींवरचा होता, हा आक्षेप त्यावर घेता येईल. परंतु पुढे २०१० साली ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या अधिकृत नियामक परिषदेनेच जाहीर केले, की सब्लक्सेशन ही एक ऐतिहासिक संकल्पना असून ती आजारांचे कारण असल्याचा दावा करता येईल असा रुग्णांवरील संशोधनाचा पुरावा नाही. म्हणजे हा निर्वाळा विरोधकांनी दिलेला नाही, त्या व्यवसायाच्या नियमनासाठी नेमलेल्या संस्थेने दिलेला आहे.

आणि क्ष-किरण चित्रावरच्या त्या रंगीत रेघा? २०१५ साली एका आढाव्यात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या कण्यांची सी. टी. व एम. आर. आय. चित्रे तपासणाऱ्या ३३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. विशीतल्या निरोगी माणसांपैकीही ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. केसांप्रमाणे कणाही वयाबरोबर बदलतो. चित्रात काही ‘दिसले’ म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही, मग भेटींची संख्या त्यावरून कशी काढणार?

उपचाराच्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाजही असाच फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हाड जागेवर बसले. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कावचुक व सहकाऱ्यांनी एम. आर. आय. यंत्रात बोटांची मोड काढून त्याच क्षणाचे चित्रण केले. आवाजाच्या वेळी सांध्यातील द्रवात एक पोकळी तयार होताना दिसली. पोकळी बनण्याने आवाज येतो की तिच्या कोसळण्याने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हाड जागेवर बसण्याचा तो आवाज नव्हे, याबद्दल वाद नाही. हा प्रयोग वर्गात करून पाहता येतो. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडून पाहा. साधारण २० मिनिटे ते वाजत नाही.

इथवर आल्यावर ‘तर मग हे सारे थोतांड आहे’ असे म्हणून हात झटकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सिद्धान्त चुकीचा असला तरी क्रियेचा उपयोग होऊ शकतो. तो होतो की नाही, हे सिद्धान्तावरून नव्हे, चाचणीवरून ठरवायचे असते. पाठ नुकतीच धरलेल्या रुग्णांवरील चाचण्यांचा आढावा २०१७ साली एका प्रमुख अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ० ते १०० या वेदनेच्या पट्टीवर मणक्यावरील हस्तोपचारांमुळे सरासरी सुमारे १० गुणांची जादा सुधारणा दिसली. जुनाट पाठदुखीबद्दल २०१९ साली ४७ चाचण्यांचा आढावा निघाला. या उपचारांचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारसप्राप्त उपचारांइतकाच आहे, असे त्यात आढळले. थोडक्यात, उपयोग आहे, तो माफक आहे, आणि दुसऱ्या वाटेनेही तो मिळू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मात्रा वाढवली तर गुण वाढतो का? हा प्रश्न थेट विचारणारी चाचणी मिचेल हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. जुनाट पाठदुखीचे ४०० रुग्ण त्यांनी यादृच्छिक रीतीने चार गटांत विभागले. प्रत्येक रुग्णाने ६ आठवड्यांत १८ वेळा यायचे. परंतु त्या १८ भेटींपैकी एका गटाला ६ वेळा, दुसऱ्याला १२ वेळा, तिसऱ्याला अठराही वेळा मणक्यावरील दाब द्यायचा, तर चौथ्या गटाला एकदाही नाही. ज्या भेटीत दाब द्यायचा नसेल त्या भेटीत नुसते हलके मालिश.

या रचनेतली खुबी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावी. साधारणपणे ‘१८ वेळा गेलेले’ आणि ‘६ वेळा गेलेले’ यांची तुलना केली, तर पहिल्यांना तीनपट विश्रांती, तीनपट स्पर्श, तीनपट आपुलकीची विचारपूसही मिळालेली असते. मग फरक कशाचा, हे कळत नाही. हास यांनी भेटी सर्वांना सारख्या ठेवल्या आणि फक्त दाबाची संख्या बदलली. एका वेळी एकच चल बदलायचे, हा प्रयोगशाळेतला नियम माणसांच्या बाबतीत पाळणे किती कठीण आहे, हे यावरून दिसते.

निष्कर्ष काय निघाला? दाब मिळालेल्या गटांत १२ आठवड्यांनी वेदना सुमारे २० गुणांनी कमी झाली होती. परंतु एकदाही दाब न मिळालेला गटही सुधारला होताच. दोहोंतील सर्वांत मोठा फरक १२ वेळा दाब दिलेल्या गटात दिसला आणि तो ८.६ गुणांचा होता. २४ आठवड्यांनी फरक नगण्य उरला. वर्षाअखेरीस १८ वेळांचा गट थोडा पुढे होता, ५.९ गुणांनी. आणि मात्रा वाढवण्याचा परिणाम? दर ६ जादा दाबांमागे साधारण २ गुण. शंभरातले २ गुण म्हणजे स्वतःच्या पाठीत कोणालाही ओळखू येणार नाही इतका लहान फरक. संशोधकांनी स्वतःच म्हटले, की १२ हा आकडा त्यातल्या त्यात बरा, पण तो इतर आकड्यांहून फारसा वेगळा काढता येत नाही.

या चाचणीवरही टीका करता येते. तिने प्रत्येक गटातील सर्वांना एकच ठरावीक मात्रा दिली. पण ‘कोणाला किती’ हा रुग्णाचा खरा प्रश्न असतो. सरासरीत काही रुग्ण तिसऱ्या भेटीतच सुधारलेले असतील, काही अठराव्यानंतरही तसेच असतील. ४०० जणांची सरासरी एकाच्या पाठीला जशीच्या तशी लागू होत नाही. शिवाय ही चाचणी जुनाट दुखण्याची होती, नुकत्याच भरलेल्या उसणीची नव्हे. तरीही तिचा एक धडा पक्का आहे. ‘जितके जास्त तितके चांगले’ या समजुतीला तिने फारसा आधार दिला नाही, आणि ३६ भेटी आगाऊ विकण्यासाठी तर तिचा काहीच उपयोग नाही.

नुकत्याच भरलेल्या उसणीबाबत आणखी एक अडचण आहे. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते किंवा पुष्कळ कमी होते. आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, अशी समजूत आहे. ती इतकी वर्षे का टिकली? कारण लाथ खाल्लेल्यांपैकी बहुतेकांची उसण खरोखरच जात असे! लाथ न खाल्लेल्यांचीही जात असे, पण त्यांची मोजदाद कोणी ठेवत नसे. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येतोच. त्याचे श्रेय त्या वेळी हाताशी जो उपाय असेल त्याला मिळते. २० आठवडे चालणाऱ्या वेळापत्रकाला तर हे श्रेय हमखास मिळणार.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन फासे टाकायला सांगा. बेरीज १० किंवा अधिक आली तर तो ‘रुग्ण’ समजा. ४० मुलांत असे साधारण ६-७ निघतील. त्या रुग्णांच्या पाठीवर एक थाप मारा आणि पुन्हा फासे टाकायला लावा. सहांपैकी पाच जण ‘बरे’ होतील. थाप न मारताही होतील, हे दुसऱ्या फेरीत मुलांनाच शोधू द्या.

आता ‘देखभाली’कडे येऊ. दुखत नसतानाही महिन्यातून एकदा जाण्याला काही अर्थ आहे का? स्वीडनमध्ये अँड्रियास एकलुंड आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीनशेहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना ठरावीक अंतराने बोलावले, निम्म्यांना ‘दुखेल तेव्हा या’ असे सांगितले. वर्षभर दर आठवड्याला मोबाइलवरील संदेशातून त्यांची विचारपूस केली. नियमित येणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे दिवस सरासरी १२.८ ने कमी आले आणि त्यांच्या भेटी सरासरी १.७ ने जास्त झाल्या.

हा निष्कर्ष देखभालीच्या बाजूचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पण तो नीट वाचलाही पाहिजे. या चाचणीत घेतलेले रुग्ण वारंवार पाठ दुखणारे होते, आणि सुरुवातीच्या उपचारांनी ज्यांना चांगला गुण आला होता त्यांनाच निवडले होते. पहिल्यांदाच उसण भरलेल्या माझ्या भावासारख्यांचा त्यात समावेश नव्हता. आणि कोणत्या गटात आपण आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वगळता येत नाही. उपयोग दिसला तो निवडक रुग्णांना, वर्षात एक-दोन जादा भेटींनी. यावरून सर्वांना आयुष्यभराचे वर्गणीदार करता येत नाही.

पैसे देणाऱ्याच्या नजरेतूनही हा प्रश्न पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना कायरोप्रॅक्टरच्या हस्तोपचाराचे पैसे देते. मात्र सुधारणा होत असेल तोपर्यंतच, निव्वळ देखभालीसाठी नाही. २००१ सालच्या बिलांची तेथील सरकारी महानिरीक्षकांच्या कार्यालयाने छाननी केली आणि २००५ साली अहवाल दिला. वर्षाला १२ भेटींच्या पुढे गेल्यावर एकेक भेट अनावश्यक ठरण्याची शक्यता वाढत जाते आणि २४ च्या पुढे आणखी वाढते, असे त्यात आढळले. हा हिशेब विम्याच्या निकषांचा आहे, शरीरशास्त्राचा नाही, हे खरे. तरी वेळापत्रकातल्या ३६ या आकड्याशेजारी तो ठेवून पाहावा.

जादा भेटींनी फार तर पैसे जातील, नुकसान काय, असे काहीजण म्हणतील. वर सांगितलेल्या २०१७ च्या आढाव्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना उपचारानंतर तात्पुरती वेदनावाढ, आखडलेपण, डोकेदुखी असे किरकोळ त्रास झाल्याची नोंद आहे. गंभीर दुष्परिणाम त्या चाचण्यांत आढळले नाहीत. मानेला झटका देण्याची गोष्ट वेगळी. मानेतील रोहिणी फाटण्याशी त्याचा क्वचित संबंध दिसतो आणि त्यातले कारण कोणते, परिणाम कोणता, हा वाद चालू आहे. पायातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा मोठ्या मार-अपघातानंतरची पाठदुखी, या खुणा असतील तर कोणत्याही हस्तोपचाराआधी डॉक्टरकडे जाणे आवश्यक आहे. आणि एक नुकसान आकड्यांत येत नाही. ‘माझा कणा सरकलेला आहे, दुसऱ्या कोणीतरी तो बसवल्याशिवाय मी धड नाही’ ही भीती मनात बसलेला माणूस वाकायला, चालायला, खेळायला कचरतो. पाठदुखीत हालचाल चालू ठेवणे महत्त्वाचे असते, म्हणून ही भीती किरकोळ नाही.

मग मात्रा ठरवायची कशी? मला जे सुचते ते प्रयोगाच्या साध्या शिस्तीहून वेगळे नाही. सुरुवातीलाच काय मोजणार ते ठरवावे, आणि ते रुग्णाला स्वतःला कळणारे असावे. उदाहरणार्थ, वेदनेला ० ते १० गुण, किती मिनिटे बसता येते, जमिनीवरची वस्तू उचलता येते की नाही. मग थोड्याच भेटी घ्याव्यात, चार किंवा सहा, आणि नोंदवही उघडावी. काहीच फरक नसेल तर आणखी तेच करण्याला कारण उरत नाही, दुसरा मार्ग शोधावा. पुष्कळ बरे असेल तर थांबावे. अर्धवट बरे असेल तरच पुढच्या थोड्या भेटींचा विचार करावा. उपचार सुरू करण्याआधी ‘कोणती खूण दिसली की आपण थांबायचे?’ असे विचारावे. या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडे मात्राही नाही, फक्त वेळापत्रक आहे.

हेच मी भावाला लिहिले. त्याने आगाऊ पैसे भरले नाहीत. चार भेटी घेतल्या, रोज रात्री वहीत गुण लिहिले, सकाळ-संध्याकाळ चालणे सुरू ठेवले. थांबण्याची खूण कोणती, असे त्याने विचारले तेव्हा पुन्हा तेच क्ष-किरण चित्र पुढे आले. पाचव्या भेटीला तो गेला नाही. सहाव्या आठवड्यात त्याच्या वहीतला गुण ७ वरून १ वर आला होता. “तुझ्यामुळे बत्तीस भेटी वाचल्या,” असे त्याने मला कळवले. त्याला बरे कशाने वाटले, चार भेटींनी, चालण्याने की नुसते दिवस गेल्याने, हे मला सांगता येणार नाही, त्यालाही नाही आणि त्या कायरोप्रॅक्टरलाही नाही. एका माणसाच्या एका पाठीवरून ते कळत नसते. त्यासाठीच तर ४०० माणसे चार गटांत विभागावी लागतात.